दलदलीतला गुलाबी पतंग: शंभर वर्षं कुठे होता?

बाजरीवाली | २८ मे, रात्री १२:५०

आत्ताच घरात शिरले. एक पाय मांडीपर्यंत चिखलात बुडवून आलेय, बोटांना एक उग्र-गोड वास बसलाय तो दोनदा साबण लावूनही जात नाही, आणि झोप पार उडालीय. नवरा घोरतोय. मग सांगायचं कुणाला? तुम्हाला.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मी नगरकडची. तीन वर्षांपासून वेल्समध्ये ॲबरिस्टविथला आहे, गवतवर्गीय पिकांवर काम करते, त्यात आपली बाजरीही आली. इथून गाडीनं पाव तासावर बोर्थ नावाचं एकाच रस्त्याचं समुद्रकाठचं गाव आहे. त्याच्या पाठीला कॉर्स फोख्नो ही दलदल पसरलीय. 'कॉर्स' म्हणजे वेल्श भाषेत दलदलच. आज रात्री तिथे स्वयंसेवकांबरोबर अळ्या मोजायला गेले होते.

अळ्या रोझी मार्श मॉथ नावाच्या पतंगाच्या. शास्त्रीय नाव सीनोफिला सबरोझिया. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ३६ ते ४२ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या दोन पेरांएवढा जीव. ब्रिटनमध्ये हा पतंग बोटांवर मोजता येतील इतक्याच जागी उरलाय.

या दिवसांत इथे दहा वाजले तरी पश्चिमेला उजेड रेंगाळतो, त्यामुळे साडेदहानंतर सुरुवात. पाऊल टाकलं की जमीन गादीसारखी दबते आणि शेजारच्याच्या पायाखालची हलते. गुडघ्याएवढी झुडपं, नाव बॉग मर्टल. तो वास याच झुडपाचा. दिवसा अळी खाली गवताच्या बुडख्यात दडलेली असते, अंधार पडला की शेंड्यावर चढून कोवळी पानं खाते. डोक्याला विजेरी बांधून झुडूप न् झुडूप तपासायचं. पहिली वीसेक मिनिटं मला काही म्हणता काही दिसलं नाही. मग सोबतच्या आजींनी (वय बहात्तर, माझ्या दुप्पट चालतात) एक शेंडा बोटानं दाखवला. तांबूस काडीवर एक काडी जास्त होती! अंगावर डोक्यापासून शेपटापर्यंत फिकट उभे पट्टे, मधले पट्टे तपकिरी. पानाची कड धरून खात होती, उजेड पडताच थबकली. एकदा नजर बसल्यावर मात्र पुढच्या तासाभरात माझ्या वाट्याला सात आल्या. सातवी बघायला वाकले आणि पाय गेला.

मला हा पतंग आवडतो तो त्याच्या गोष्टीसाठी. शंभर वर्षं तो नामशेष समजला जात होता. कुणाला ऐकायची असेल तर उद्या लिहिते. आता आंघोळ.

खवचट_खापर | २८ मे, सकाळी ७:१५

शीर्षक वाचून संक्रांतीचा कटलेला पतंग डोळ्यांपुढे आला, मांजाची वगैरे चर्चा असेल म्हणून धावत आलो. निघाली अळी. पण आता आलोच आहे तर सांगा गोष्ट. आणि त्या आजींना नमस्कार कळवा.

चिमणचारा | २८ मे, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. अवांतर: मराठीत 'मॉथ'ला पतंग म्हणण्यानं हा घोळ कायमच होतो. आमच्याकडे विदर्भात म्हाताऱ्या बायका सरळ 'पाखरू' म्हणतात. दिव्यावर पाखरं आली, पाऊस येणार.

बाजरीवाली | २८ मे, रात्री ९:३०

घ्या.

पूर्व इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ व्हिटलसी मीअर नावाचं सरोवर होतं. दक्षिण इंग्लंडच्या सखल भागातलं सगळ्यात मोठं. उन्हाळ्यात साधारण दीड हजार एकर आणि पावसाळी दिवसांत त्याच्या जवळपास दुप्पट. खोली मात्र अगदी कमी. भोवती बोरू, लव्हाळे, दलदल. लोक मासे धरायचे, बोरू कापून छपरांना विकायचे, हिवाळ्यात पाणी गोठलं की त्यावर घसरण्याच्या शर्यती लावायचे. आणि लंडनहून हौशी कीटकसंग्राहक यायचे, कारण इथे मिळणारी फुलपाखरं नि पतंग दुसरीकडे मिळत नसत. आपल्या गुलाबी पतंगाचं बारसं जेम्स फ्रान्सिस स्टीफन्स या कीटकतज्ज्ञानं १८२९ मध्ये केलं. नमुने यायचे ते याक्स्ली आणि होम या गावांच्या दलदलीतून, म्हणजे याच सरोवराच्या काठावरून.

बारसं होऊन बावीस वर्षं होतात न होतात तोच सरोवरच गेलं. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात ॲपोल्ड नावाच्या संशोधकाचा केंद्रोत्सारी पंप गाजला. त्याच प्रकारचा पंप व्हिटलसीला बसवला आणि सरोवर उपसून काढलं. तळाशी काय सापडलं असेल? चांदीचं धूपपात्र! रॅम्सीच्या मठातलं, चौदाव्या शतकातलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मासे तडफडत पडले ते लोकांनी गाड्या भरभरून नेले. पुढच्या वर्षी बांध फुटून सरोवर एकदा परत भरलं, पुन्हा उपसलं. मग गहू.

त्या काही वर्षांत तिथून लार्ज कॉपर नावाचं तांब्याच्या रंगाचं फुलपाखरू ब्रिटनमधून कायमचं गेलं, आणि आपला गुलाबी पतंगही गेला. पुस्तकांत त्याच्या नावापुढे 'नामशेष' लागलं. संग्राहकांच्या पेट्यांत टाचण्यांवर टोचलेले तेवढे उरले. पोरं म्हातारी झाली, दोन महायुद्धं होऊन गेली.

आणि १९६५ मध्ये तो पश्चिम वेल्समध्ये सापडला. अडीचशेएक किलोमीटर दूर, डोंगरांच्या पलीकडे, ज्या दलदलीत तो असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं तिथे. आला नव्हता हो, होताच. बॉग मर्टलही होतं, अळ्याही होत्या. रात्री तिथे जाऊन बघणारं कुणी नव्हतं इतकंच. २००५ मध्ये आणखी एक वसाहत कम्ब्रियात, इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात सापडली.

सातारी_कंदी | २९ मे, सकाळी ६:४०

बाजरीताई, गोष्ट झकास. पण वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून एक शंका. पूर्व इंग्लंडातली 'फेन' म्हणजे जमिनीतून नि नद्यांतून पाणी येणारी, चुन्याचा अंश असलेली, पोषक दलदल. तुमची वेल्सची 'बॉग' म्हणजे फक्त पावसावर जगणारी, आम्ल, उपाशी दलदल. अळी मुख्यतः एकाच झाडावर वाढणारी. बॉग मर्टल बहुधा आम्ल जमिनीत वाढतं. मग व्हिटलसीला हा पतंग काय खात होता?

दुसरं, ते झुडूप मोठं गमतीचं आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात, हरभऱ्यासारख्या. पण आत रायझोबियम नसून फ्रँकिया नावाचा जिवाणू. हवेतला नत्र तो झुडपाला देतो, म्हणून उपाशी जमिनीतही ते तग धरतं. नर-मादी झुडपं वेगळी, आणि एखादं झुडूप एका वर्षी नर तर दुसऱ्या वर्षी मादी असंही होतं.

तुमच्या दलदलीत दवबिंदू आहे का? आमच्या कासला सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू आणि गवती दवबिंदू दोन्ही दिसतात. मुलं नेली की तासभर तिथेच बसतात, मुंगी कधी चिकटते याची वाट बघत.

बाजरीवाली | २९ मे, रात्री १०:१०

मॅडम, शंका अचूक जागी लागली. मलाही हाच प्रश्न पडला होता आणि उत्तर आजींनी दिलं.

व्हिटलसीचा सगळा काठ सारखा नव्हता. नैऋत्येला, होम आणि याक्स्लीच्या बाजूला, दलदल इतकी साचत गेली होती की ती आजूबाजूच्या पाण्याच्या वर उचलली गेली. खालचं चुनखडीचं पाणी वर पोचेना, फक्त पाऊस. म्हणजे फेनच्या कुशीत एक बॉग तयार झाली होती. तिथे स्फॅग्नम शेवाळ होतं, बॉग मर्टल होतं, आणि पतंगही तिथलाच. लोकांनी नकाशावर 'फेन' वाचलं आणि पतंगाला फेनचा ठरवलं. फेन संपली तशी त्याला शोधायची जागाही संपली असं वाटलं. पत्ता चुकीचा नव्हता, फक्त गल्लीऐवजी पेठेचं नाव लिहून ठेवलं होतं.

दवबिंदू आहेत तर! तीन जाती आहेत इथे. विजेरीच्या उजेडात लाल मण्यांसारखे चमकतात.

पीटरबरोकर | २९ मे, रात्री ११:५५

अहो, याक्स्ली म्हणजे माझं रोजचं याक्स्ली का? मी तिथे राहतो! आमच्या भागात मराठी घरं सात-आठ असतील, गणपतीला सगळे एकत्र येतो. गावाच्या खालच्या अंगाला काळ्याभोर सपाट शेतांशिवाय काही नाही, मी तर ते पिढ्यान्पिढ्या शेतच असेल असं धरून चाललो होतो. सरोवर होतं?

रविवारी मुलांना घेऊन होम फेनला जातो. तो खांब आहे ना तिथे, लोखंडी?

बाजरीवाली | ३० मे, सकाळी ७:२०

जाच. जमीन किती खाली बसलीय ते तोच खांब दाखवतो. मुलाला खांबाशेजारी उभं करून फोटो टाका.

नानांची_वखार | ३० मे, दुपारी १२:३०

हे बॉग मर्टल म्हणजे मायरिका ना? मग ऐका. आमचं काष्ठौषधींचं दुकान, तिसरी पिढी. आमच्याकडे मायरिका रोज तराजूत पडते. कायफळ! हिमालयात, कुमाऊँकडे जे काफळ खातात त्याच झाडाची साल. मायरिका एस्क्युलेंटा. गिऱ्हाइकं नेहमी जायफळ आणि कायफळ यांत गोंधळ करतात, आणि नावात फळ असून आम्ही विकतो साल, त्यावरून वाद घालतात ते वेगळंच. सर्दीनं डोकं जड झालं की सालीचं वस्त्रगाळ चूर्ण चिमूटभर हुंगायचं. आठ-दहा सणसणीत शिंका, डोकं मोकळं. वडील पोत्याचं तोंड उघडायचे तेव्हा आख्खी गल्ली शिंकायची.

तुमच्या बोटांना बसलेला वास कसा आहे? कायफळाला किंचित तुरट, लाकडी सुगंध असतो.

बाजरीवाली | ३० मे, रात्री ८:४५

काका, काय सांगता! मी नगरला असताना आजीच्या बटव्यात कायफळ होतं आणि इथे त्याच्या चुलत बहिणीत मांडीपर्यंत रुतले, हे आत्ता कळतंय.

वास: पान चुरगाळलं की आधी निलगिरी, मग तमालपत्र, मग मागे राहते ती जराशी राळ. इथे हॉप्सची कडू फुलं यायच्या आधी बिअरला चव आणायला हीच पानं घालत. आणि कपाटात नि गादीखाली डहाळ्या ठेवत, कीटक पळावेत म्हणून. स्कॉटलंडात चिलटांसाठी अंगाला चोळतात. मी चोळून बघितलं. चिलटांनी ते वाचलेलं नसावं.

म्हणजे बघा, ज्या तेलानं बाकीचे कीटक दूर राहतात तेच पान आपली अळी आरामात खाते.

खवचट_खापर | ३० मे, रात्री ९:००

कायफळ खाणारी अळी शिंकत नाही का?

खाचरातला | ३१ मे, सकाळी ५:५०

मी लांज्याकडचा. तुमची ती दलदलीतली पतंगाची अळी म्हणून कौतुक, आमच्या पाणथळीतल्या अळीचं नाव काढलं तर शेतकरी शिवी घालतो. सुरळीतील अळी. लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांत येते. भाताच्या पानाचा शेंडा कापते, त्याची सुरळी करते, आत बसते. खाचरात पाणी असलं की त्या सुरळीतच तरंगत एका चुडापासून दुसऱ्या चुडाकडे. पानाचा हिरवा भाग खरवडून खाते, पांढरे पट्टे उरतात, लांबून बघितलं तर शेतावर कुणी चुना उडवल्यागत.

आमचे आजोबा दोघं माणसं घेऊन खाचराच्या दोन बांधांवर उभे राहायचे, मधे सुंभाची दोरी, ती पिकावरून ओढत न्यायची. सुरळ्या टपाटप पाण्यात. मग मोऱ्या उघडून पाणी काढायचं, दोन-तीन दिवस खाचर कोरडं ठेवायचं. पाणी गेलं की अळी संपली. पाण्याचा प्राणीच तो.

पतंग बघाल तर चिमुकला पांढराशुभ्र, पंखावर बारीक ठिपके. दिसायला देखणा, उगाच कशाला खोटं बोलू.

सातारी_कंदी | ३१ मे, सकाळी ७:१०

खाचरातले, तिचं शास्त्रीय नाव पॅरापॉइंक्स स्टॅग्नॅलिस. सुरळी सोडवून भिंगाखाली धरा: कडेनं पांढरे धागे दिसतील झालरीसारखे. ते कल्ले आहेत. पतंगाच्या अळीला कल्ले! सुरळीत ती पाणी भरून ठेवते. मुलांना हे दाखवलं की कीटकनाशकाचा धडा पुढच्या तासावर जातो.

बाजरीवाली | ३१ मे, दुपारी १:४०

आणि त्याच मोठ्या कुळात युरोपातला एक पतंग आहे, ॲसेंट्रिया. त्याची मादी बहुधा बिनपंखी असते आणि पाण्याखालीच राहते. नर पांढरे, पाण्याच्या पृष्ठभागाला घासत फिरतात, मादी टोक बाहेर काढते तेवढ्यात मीलन. सुरुवातीच्या अभ्यासकांनी त्याला पतंग मानलंच नाही, पाणकिड्यांच्या दुसऱ्याच गणात टाकलं होतं.

खाचरातले, तुमच्या आजोबांच्या दोरीचं वर्णन मी आजींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे पाणी काढून पतंग मारतात, आमच्याकडे पाणी काढल्यानंच मेला.

चोख_हिशेब | १ जून, सकाळी १०:२०

सगळं छान आहे. पण एक विचारू का? खोडसाळपणा समजू नका. बाजरीताई स्वतः सांगतील, हा पतंग जगात दुर्मीळ आहे का? मी जरा बघितलं, तर उत्तर युरोपपासून पार सैबेरियापर्यंत आहे. म्हणजे हा फक्त ब्रिटनच्या यादीत दुर्मीळ. मग रात्री-बेरात्री मोजणी, आणि त्या दलदलीत बांध घालणं, यंत्रं आणणं चालतं असंही वाचलं, हे सगळं कशासाठी? आपल्याकडे माणसांच्या प्यायला पाणी नाही.

बाजरीवाली | १ जून, रात्री १०:३०

खोडसाळपणा नाही, बरोबर विचारलंत. होय, जगाच्या हिशेबात तो संपायला आलेला नाही. पश्चिम युरोपात मात्र तुकड्या-तुकड्यांनी आहे, कारण ओल्या आम्ल दलदलीच तुकड्या-तुकड्यांनी उरल्यात. तिकडचे करडे-निळसर छटेचे असतात, जुन्या इंग्लिश नमुन्यांची लाली जास्त होती. ती लाली टाचणीवर उरलीय.

मी एकट्या पतंगासाठी कुणाला पैसे मागणार नाही. पण इथे कामं पतंगासाठी सुरू नव्हतीच, दलदलीसाठी होती. वेल्समधल्या सात उंचवट्याच्या दलदलींसाठी मोठा प्रकल्प झाला, त्यात ही एक. पूर्वी लोकांनी पीट, म्हणजे दलदलीत साचलेलं जुनं शेवाळ, कापायला आणि जमीन कसायला चर मारले होते. चर मारले की पाणी जातं, हवा शिरते, आणि हजारो वर्षं न कुजलेलं शेवाळ कुजायला लागतं. कुजलं की कर्ब हवेत. म्हणून चर बुजवले आणि पीटचेच बुटके बांध घातले.

आणि घाईनं चूक सुधारता येत नाही हेही इथे लोकांना ठाऊक आहे. लार्ज कॉपर फुलपाखरू गेलं, तर १९२७ मध्ये हॉलंडमधली जवळची उपजात आणून वुडवॉल्टन फेनमध्ये सोडली. पुन्हा पुन्हा बाहेरून भर घातली, पिंजऱ्यात वाढवून सोडली. नाही टिकली.

पाणलोट_पाटील | २ जून, सकाळी ६:३०

बुटके बांध म्हणालात आणि आम्ही जागे झालो. अठरा वर्षं पाणलोटाचं काम केलंय, माण-खटाव भागात. हे बांध समतल रेषेवर घालतात का? उंची किती?

आमची घोषणा 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. तुमच्याकडे जिरवायचं कुठे? खाली तर पाणीच.

बाजरीवाली | २ जून, रात्री ९:१५

पाटीलसाहेब, समतल रेषेवरच. लेझर पातळी लावून. घोट्याच्या जरा वरपर्यंत उंची, ओलांडता येतील असे. तुमची घोषणा मी इथल्या मुकादमाला भाषांतर करून सांगितली. तो म्हणाला आमची अर्धीच: पाणी अडवा. पुढचं शेवाळ बघून घेईल.

इथे पाऊस पडतो इतका की अडवायला काही वाटायला नको, तरी एका कोरड्या उन्हाळ्यात पातळी वीतभर खाली गेली तर स्फॅग्नम पांढरं पडतं. पाणी पृष्ठभागापाशी राहिलं पाहिजे, वर तळं नको, खाली कोरडं नको. तुमच्या लोकांना हे काम चांगलं जमेल.

झेंडूची_बाग | २ जून, रात्री ९:४०

थांबा, पीट म्हणजे रोपवाटिकेत पीट मॉसची पोती मिळतात तेच? मी तर दर वर्षी आणते!

सातारी_कंदी | ३ जून, सकाळी ६:२५

तेच, झेंडूताई. कुठल्या तरी थंड देशातल्या दलदलीचं वाळवलेलं शेवाळ. एक मिलिमीटर साचायला साधारण वर्ष जातं. कोकोपीट घ्या, ते आपल्या नारळाचं आहे. नावात पीट असलं तरी त्याचा दलदलीशी संबंध नाही.

पीटरबरोकर | ८ जून, सायंकाळी ६:१०

जाऊन आलो. लिहायला उशीर झाला, क्षमस्व.

होम फेन आता बर्चचं जंगल आहे. पांढऱ्या सालींची झाडं, दाट, दलदल म्हणावी असं मला तरी फारसं काही दिसलं नाही. रेल्वेरूळ ओलांडून गेलं की आत तो खांब. सरोवर उपसायच्या वेळी जमिनीत खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकला होता, डोकं जमिनीबरोबर ठेवून, जमीन किती बसते ते कळावं म्हणून. क्रिस्टल पॅलेसच्या लोखंडाचा आहे असं सांगतात.

धाकट्याला खांबाशी उभं केलं. तो सव्वा मीटर. खांबाचं टोक त्याच्या डोक्यावर आणखी दोन असे धाकटे उभे केले तरी वीतभर वरच राहील. चार मीटर! म्हणजे माझ्या मुलाच्या डोक्यावर जी हवा होती तिथे एके काळी जमीन होती, आणि जमिनीवर ते कायफळाचं झुडूप, आणि झुडपावर अळी. आता ही जागा समुद्रसपाटीच्या २.७५ मीटर खाली आहे, ब्रिटनमधली सगळ्यात खोलगट जमीन.

मुलगा विचारत होता, बाबा, जमीन कुठे गेली? मी म्हटलं, हवेत. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

पाणलोट_पाटील | ८ जून, रात्री ८:००

आम्ही चाळीस वर्षांत विहिरीचं पाणी खाली गेलेलं बघितलं. जमीनच खाली गेलेली ऐकली नव्हती.

चोख_हिशेब | ८ जून, रात्री ८:४०

पीटरबरोकर, खांब बघायला हवा एकदा. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण बांधांचं पटलं.

चिमणचारा | ९ जून, सकाळी ७:३०

सगळं झालं, पण याला मराठी नाव कोण देणार? माझ्याकडून: गुलाल पतंग.

खवचट_खापर | ९ जून, सकाळी ७:४५

दलदल्या. नाहीतर 'परत आलेला'.

नानांची_वखार | ९ जून, सकाळी ११:००

कायफळ्या. खातो त्यावरून नाव ठेवावं, दिसतो त्यावरून नको. रंग म्हातारपणी उडतो.

बाजरीवाली | २ ऑगस्ट, रात्री ३:२०

धागा वर काढतेय. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंग सप्ताह असतो, तेव्हा इथे रोज पाऊस. काल रात्री आभाळ भरलेलं, वारा पडलेला, उकाडा. आजींचा फोन: आज चल.

दलदलीच्या कडेला पांढरी चादर, मागे दिवा. साडेअकरापर्यंत नुसती चिलटं आणि एक बेडूक, तो चादरीखाली बसून येईल ते खात होता. सव्वाबाराला चादरीच्या खालच्या कोपऱ्यात एक येऊन बसला. मी ओळखला नाही, आजी काहीच बोलल्या नाहीत, मला बघू दिलं.

पाठीवर पंख कौलांसारखे मिटलेले. रंग गुलाबी म्हणावा तर नाही, जुन्या विटेवर राख चोळल्यासारखा, कडेला तेवढी लाली. पंखाच्या मधे दोन फिकट कडांचे ठिपके, एक गोलसर नि दुसरा मूत्रपिंडाच्या आकाराचा, आणि त्यांच्या मधली जागा काळपट, कुणी बोट बुडवून टेकवल्यासारखी. मानेवर केसांची लोकर, ती दिव्यात खरोखर गुलाबी दिसली. शिंगं मागे दुमडून पंखाखाली घेतलेली. थरथरत होता, उडायच्या आधी अंग तापवतात तसा.

मी आजींना म्हटलं, मे महिन्यातल्या माझ्या सातांपैकी एक असेल का? त्या म्हणाल्या, सातवी असेल, जिच्यासाठी तू पाय घातलास.

काका, मी त्याला मनातल्या मनात कायफळ्या म्हटलं. मग बेडूक सरकला, आजींनी पटकन चादर झटकली, आणि तो झुडपांच्या बाजूला अंधारात गेला. फोटो आलाय पण हललेला आहे.

नानांची_वखार | २ ऑगस्ट, सकाळी ९:५०

हललेला टाका. आणि बेडकाचाही टाका.